मैत्रीण पुढे गेली, म्हणून मुलगी मागे पडली?

एका वडिलांचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

'माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत नेहमी पहिल्या पाचांत असायची. आता क्लासच्या चाचण्यांमध्ये चौथ्या क्रमांकावरून एकोणिसाव्यावर आली आहे. चौकशी केल्यावर कळलं, की ती रोज तासभर तीन मैत्रिणींना रसायनशास्त्र समजावून सांगते आणि स्वतः काढलेल्या नोट्स त्यांच्या ग्रुपवर टाकते. त्यांच्यातली एक मुलगी आता हिच्याही पुढे गेली आहे. मी तो ग्रुप सोडायला लावला. नोट्स कुणाला द्यायच्या नाहीत, कुणी मागितल्या तर "माझंच अजून झालं नाही" असं सांगायचं, अशी ताकीद दिली. हल्ली ती घरातही फारशी बोलत नाही. मी स्वतः इतकी वर्षं नोकरीत प्रत्येकाच्या मदतीला धावलो. शेवटी बढती मिळाली ती मीच काम शिकवलेल्या माणसाला. जग स्पर्धेचं आहे, हे तिला वेळीच कळायला हवं. तिच्यात "किलर इन्स्टिंक्ट" कसा आणावा? आणि जिथे कुणावर अवलंबून राहावं लागत नाही, असं कोणतं क्षेत्र तिच्यासाठी निवडावं?'

नमस्कार.

क्रमांकाचं नंतर बघू. अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ हुशार मुलांचं असं होतं. दहावीपर्यंत पाठांतरावर निभावलेलं असतं, इथे ते पुरत नाही.

मी अडलो ते 'माझंच अजून झालं नाही असं सांगायचं' या वाक्याशी. सोळा वर्षांच्या मुलीला तुम्ही तिच्या मैत्रिणींशी ठरवून खोटं बोलायला लावलं आहे. यात स्पर्धेची तयारी कुठे आहे, मला दिसत नाही. त्याच्या लगेच पुढे, जाता जाता, तुम्ही लिहिता की हल्ली ती घरातही फारशी बोलत नाही. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना तुम्हाला काहीच जाणवलं नाही? आपल्याजवळचं झाकून ठेवावं, विचारणाऱ्याला खरं सांगू नये, हा धडा तिने घेतला. तो फक्त मैत्रिणींपुरता आहे, आईवडिलांना लागू नाही, हे तिला कुणी सांगितलं? एखाद्या चाचणीत पेपर कोरा सोडून आली, तर घरी येऊन सांगेल असं वाटतं का तुम्हाला? मला वाटत नाही.

खरं सांगायचं तर हे पत्र मुलीबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त आहे. तुम्ही ज्याला हाताला धरून काम शिकवलं, तो तुमच्या वर जाऊन बसला. हे लागतंच. 'कर्म करत राहा, फळाची अपेक्षा नको' असला उपदेश मी करणार नाही, कारण मेहनतीची दखल मागणं यात गैर काहीच नाही. पण त्या अनुभवातून तुम्ही काय शिकलात ते बघा. इतकी वर्षं तुम्ही विनाअट मदत केलीत. कुणी परतफेड केली नाही तरी केलीत, कुणी श्रेय लाटलं तरी गप्प राहिलात. तुम्ही किती काम उचलत होता याची बहुधा कुठे नोंदही नव्हती. त्यात मार बसला, तेव्हा तुम्ही थेट दुसऱ्या टोकाला गेलात: आता मदत करायचीच नाही. आणि हा नवा नियम स्वतःच्या नोकरीत वापरून पाहायचं सोडून मुलीच्या आयुष्यात लागू केलात. या दोन टोकांच्या मध्ये भरपूर जागा आहे. तिथे कसं वागावं यावर गणिती अभ्यासही झालेला आहे, आणि तो तुमच्या घरातल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो.

1980 च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर एक सामना भरवला. खेळ साधा. दोघांनी एकाच वेळी ठरवायचं, साथ द्यायची की दगा द्यायचा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी 3 गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी 1. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याला 5 आणि साथ देणाऱ्याला शून्य. असे 200 डाव एकाच प्रतिस्पर्ध्याशी खेळायचे, मग पुढच्याशी. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित अशा विषयांतल्या तज्ज्ञांनी 14 प्रोग्राम पाठवले. काही फार धूर्त होते. समोरच्याचा अंदाज घेऊन मध्येच हळूच दगा द्यायचा, अशा रचनेचे. जिंकला तो सगळ्यांत साधा, अनातोल रॅपोपोर्ट या गणिती मानसशास्त्रज्ञाने पाठवलेला 'टिट फॉर टॅट', म्हणजे जशास तसं. पहिल्या डावात साथ द्यायची, त्यानंतर समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. बस, एवढंच. आपणहून पहिला दगा कधी द्यायचा नाही, मिळाला तर लगेच उत्तर द्यायचं, समोरचा सुधारला की आपणही मागचं विसरायचं. निकाल जाहीर करून अ‍ॅक्सलरॉडने दुसरी फेरी ठेवली. तिच्यात 62 प्रोग्राम आले. टिट फॉर टॅटला कसं हरवायचं याचा विचार करायला सगळ्यांना वेळ मिळाला होता. रॅपोपोर्टनी तोच प्रोग्राम, काहीही न बदलता, परत पाठवला आणि परत तोच पहिला आला.

या खेळाच्या भाषेत, तुम्ही नोकरीभर 'कायम साथ' खेळलात. दगा देणाऱ्यांच्या गर्दीत ती चाल लुटली जाते, यात आश्चर्य नाही. मुलीला तुम्ही शिकवताय ती 'कायम दगा'. आणि तिच्यासमोर कोण आहे? तीन मैत्रिणी, ज्यांनी तिच्याशी काहीही वाईट केल्याचं तुमच्या पत्रात नाही. पहिला दगा आपल्याकडूनच गेला आहे.

आता या सामन्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. टिट फॉर टॅटने दोन्ही फेऱ्यांत मिळून एकाही प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर हरवलं नाही. हरवूच शकत नाही, कारण तो समोरच्यापेक्षा जास्त वेळा दगा देतच नाही. प्रत्येक लढतीत तो फार तर बरोबरी साधतो, नाहीतर किंचित मागे राहतो. तरी एकूण गुणांत पहिला, कारण ज्याच्या ज्याच्याशी खेळला त्याच्याबरोबर दोघांचेही गुण वाढत गेले. उलट कायम दगा देणारा समोरासमोर कधीच हरत नाही. एक-एक लढत तो जिंकतो, आणि एकूण बेरजेत मागे पडतो. तुम्ही मुलीच्या शेजारच्या बाकाकडे बघून लढत मोजताय. बेरीज तुमच्या हिशेबात आलेलीच नाही.

इथे तुम्ही म्हणाल, प्रवेश परीक्षा हा काही 200 डावांचा खेळ नाही, तिथे जागा मोजक्या आहेत. बरोबर आहे. जागा ठरलेल्या असतात, कुणी प्रेमाने वागलं म्हणून त्या वाढत नाहीत. त्या खोलीत ती एकटीच बसणार आहे आणि तिथे स्पर्धा आहे, हे मी नाकारत नाही. पण 'मैत्रीण एक पाऊल पुढे गेली, म्हणजे माझी मुलगी एक पाऊल मागे आली' हा जो समज आहे, तो तपासा. पालकांच्या पत्रांत तो इतक्या वेळा दिसतो, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. चाळीस मुलांच्या चाचणीत क्रमांक लावला, की एक वर गेला तर कुणीतरी खाली येणारच. क्रमांकाची रचनाच तशी आहे. मोठ्या प्रवेश परीक्षेला मात्र लाखांच्या घरात मुलं बसतात. त्यातल्या तीन मुलींना रसायनशास्त्र थोडं बरं आलं, तर तुमच्या मुलीच्या संधीवर होणारा परिणाम मोजताही येणार नाही इतका बारीक आहे. उलट बाजूला काय आहे ते बघा. दुसऱ्याला समजावताना पुस्तक न बघता आठवावं लागतं, पायऱ्या नीट लावाव्या लागतात, समोरची 'पण असं का?' म्हणाली की आपल्याला काय येत नाही ते जागच्या जागी उघडं पडतं. कितीही नोट्स परत परत वाचल्या तरी हे होत नाही. शिकवणाऱ्याचा अभ्यास शिकवताना पक्का होतो, हे शिक्षकांना नवं नाही. तुम्ही ग्रुप बंद केलात, तेव्हा तीन मुलींची शिकवणी बंद झाली आणि चौथीची रोजची उजळणीही. चौथी म्हणजे तुमची मुलगी.

स्पर्धा वाईट असते असं मात्र मला म्हणायचं नाही. ते म्हणणारे लोक बहुधा स्वतः जिंकून झालेले असतात. स्पर्धेत आपण कुठे आहोत ते कळतं, आळस झटकला जातो. 1898 साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर शर्यतीत उतरलेल्यांचा वेग जास्त दिसला. चांगली स्पर्धा दुसऱ्याची चूकही पकडते. हिग्ज बोसॉन या मूलकणाचा शोध घेताना युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अ‍ॅटलस आणि सीएमएस असे दोन वेगळे शोधक-प्रकल्प होते. प्रत्येकात हजारो शास्त्रज्ञ, आणि दोन्ही गट आपले निष्कर्ष एकमेकांपासून मुद्दाम लपवून ठेवत, म्हणजे एकाच्या उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये. 4 जुलै 2012 रोजी दोघांनीही आपापले निकाल मांडले, ते जुळले, म्हणून जगाने विश्वास ठेवला. इथवर झाली स्पर्धा. नंतर 2015 मध्ये त्या कणाचं वस्तुमान अधिक अचूक काढण्यासाठी दोन्ही गटांनी आपली माहिती एकत्र करून जो शोधनिबंध लिहिला, त्यावर 5,154 लेखकांची नावं आहेत. तीच माणसं, तोच प्रश्न. केव्हा वेगळं राहायचं आणि केव्हा एकत्र यायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं आहे. कुणावरही अवलंबून राहावं लागत नाही असं क्षेत्र मला माहीत नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर त्याचा सल्ला घेऊ नका. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर घ्या. बाहेरून वाटतं, एका हुशार माणसाच्या हातातलं काम. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी तपासायची एक यादी तयार केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि 2009 मध्ये निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. त्या यादीत एक बाब अशी आहे, की छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एवढंच. ज्याने एकदा तोंड उघडलेलं असतं, तो पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलायची शक्यता जास्त. वैमानिकांचीही तीच गोष्ट. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन प्रचंड विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. उड्डाण करणाऱ्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत नावाजलेला वैमानिक होता. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने बोलणं आणि वरिष्ठाने ऐकणं हा रीतसर शिकवायचा विषय झाला.

तुमच्यासारखाच विचार करून काही मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांची एकमेकांशी तुलना करून श्रेणी लावायची पद्धत चालवली. गट कितीही चांगला असो, त्यातल्या काहींना खालची श्रेणी द्यायचीच. परिणाम व्हायचा तोच झाला. हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांबरोबर एका गटात काम करायला नाखूश होऊ लागली, कारण तिथे आपला नंबर खाली जाणार. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत नोव्हेंबर 2013 मध्ये सोडून दिली. तुम्हाला हवा असलेला किलर इन्स्टिंक्ट तिथे पुरेपूर होता. मुळात हा शब्द क्रीडा-समालोचकांकडे राहू द्यावा.

तरी तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. सहकार्य म्हटलं की सगळं सोज्वळ असतं असं नाही. परीक्षेत एकमेकांना उत्तरं दाखवणं हेही सहकार्यच. चारजणांच्या प्रकल्पात एकीनेच राबायचं आणि नावं चौघींची लागायची, हे वर्गावर्गात चालतं, आणि राबणारी मुलगी बहुतेक वेळा तुमच्या मुलीसारखी, नाही म्हणता न येणारी असते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ. त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक कुरणं, मासेमारीची पाणथळं, कालवे, जंगलं लोक मिळून कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. जिथे ही व्यवस्था टिकली तिथे ती नुसत्या चांगुलपणावर टिकलेली नव्हती. नियम वापरणाऱ्यांनीच बनवलेले होते, कोण किती उचलतो यावर एकमेकांची नजर होती, आणि नियम मोडणाऱ्याला आधी हलकी, मग वाढत जाणारी शिक्षा होती. तुमच्या नोकरीत यातलं काहीच नव्हतं. मुलीच्या ग्रुपमध्ये आहे का, ते विचारलंत?

अजून एक गोष्ट तुम्ही विचारलेली दिसत नाही: गुण कोणत्या विषयात गेले? पत्रात क्रमांक आहे, विषयवार गुण नाहीत. ती शिकवते रसायनशास्त्र, म्हणजे तो विषय तिला येतो. मग घसरण बहुधा भौतिकशास्त्रात किंवा गणितात असणार. माझी शंका अशी, की जे जमत नाही त्यासमोर बसण्यापेक्षा जे येतं ते मैत्रिणींना समजावण्यात तिला बरं वाटत असेल. शिकवताना कौतुक होतं, आपण हुशार असल्याची खात्री पटते. अवघड विषय मात्र तसाच पडून राहतो. तसं असेल, तर तो तासभर तिला खरंच महाग पडतोय. पण त्याचं कारण मैत्रीण पुढे गेली हे नव्हे, आणि उपाय नोट्स लपवणं हा तर मुळीच नव्हे. त्या तिघींत भौतिकशास्त्र बरं असणारी कुणी असेलच. तीन दिवस हिने शिकवावं, तीन दिवस हिने शिकून घ्यावं. हिने नोट्स टाकल्या तर दुसरीने सोडवलेली उदाहरणं टाकावीत. जी महिनाभर नुसतीच घेत राहील, तिच्यासाठी हिनेही थांबावं, आणि का थांबलो ते तोंडावर सांगावं. पण एखादा आठवडा कुणी चुकवला तर लगेच हिशेब चुकता करायला धावू नये. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड या दोन गणिती अभ्यासकांनी अशाच खेळावरून 1992 मध्ये दाखवलं, की जिथे चुका आणि गैरसमज होत राहतात तिथे नुसतं जशास तसं वागणारे बदल्याच्या फेऱ्यात अडकतात, अधूनमधून सोडून देणारे त्यांच्याहून सरस ठरतात. सोळाव्या वर्षी गैरसमजांना काय तोटा?

तेव्हा आधी ती ताकीद मागे घ्या. 'बरं, कर तुला हवं ते' असं वैतागून नको, नीट बसून. तुमच्या बढतीची गोष्ट तिला सांगा, आणि ती 'म्हणून जगात कुणावर विश्वास ठेवू नकोस' असा शेवट न लावता सांगा. काय झालं, तुम्ही कुठे बोलायला हवं होतं, काय लिहून ठेवायला हवं होतं, ते सांगा. मुलांना आपल्या वडिलांचं अपयश त्यांच्याच तोंडून फार क्वचित ऐकायला मिळतं. मैत्रिणींना ती काय सांगेल, ते तिच्यावर सोडा. 'बाबांनी सांगितलं होतं म्हणून खोटं बोलले' असं म्हणाली, तर ते तुम्ही ऐकून घ्या.

प्रवेश परीक्षांबद्दल एवढंच: कोणती द्यायची याचा निर्णय आत्ता, या मनःस्थितीत करू नका, अभ्यासक्रम बराचसा सामायिक आहे, काही बिघडत नाही. आणि तिला समजावून सांगायला आवडतं म्हणून तिला 'शिक्षिका हो' असंही लगेच म्हणू नका. समजावता येणं हे डॉक्टरलाही लागतं, अभियंत्यालाही, वकिलालाही. क्षेत्र तिने निवडायचं आहे. तुमच्या पत्रात तिला काय आवडतं याबद्दल एकही वाक्य नाही, त्यामुळे मीही त्यावर काही सांगू शकत नाही.

तुमच्यासाठीही थोडं. नोकरीची अजून काही वर्षं शिल्लक असतील, तर यापुढे कुणाला काम शिकवलंत की वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल करा: अमुक काम अमुक व्यक्तीला शिकवलं, आता ती स्वतंत्रपणे करू शकते. त्यात फुशारकी काही नाही. मदत करणं सोडू नका, ती कुणाला दिसणारच नाही अशी करणं सोडा.

पुढच्या चाचणीनंतर मला क्रमांकाचा तक्ता पाठवू नका. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाठवा, कोरे सोडलेले प्रश्नही दिसतील अशा. सोबत तिला काही लिहायचं असेल तर तिचं तिला लिहू द्या, आणि पाकीट बंद करायच्या आधी ते वाचू नका.